दार नसलेला उंबरा

शनिवार, ११ जानेवारी

सात फूट. ठरलं. एक इंचही कमी नाही.

आज शेडमध्ये उल्काअक्कांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की बावीस फेब्रुवारीला बसवनगुडीत आपलं प्रदर्शन आहे, प्रत्येकाचं एकच काम. शुभंकर लगेच म्हणाला, "पण स्टेटमेंट पाहिजे ना, अक्का. प्रत्येक पीस बोलला पाहिजे." अक्का म्हणाल्या, "बोलला नाही तरी चालेल. बडबडला नाही म्हणजे झालं." हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी काय केलं होतं? नुसता बसलो होतो.

अक्कांचं असंच आहे. आमच्यासारख्याच त्या इथल्या, कानडी मुलखातल्या जुन्या मराठी घरातल्या, पन्नाशी उलटलेल्या. दगडात आणि लाकडात काम करतात. त्यांचं काम बघायला लोक कुठून कुठून बोम्मसंद्र्याच्या ह्या शेडमध्ये येतात आणि आल्या आल्या विचारतात, "शिल्पं कुठायत?" कारण दिसतच नाहीत. एक बाक असतो. एक दाराची मूठ असते. सध्या एका काळ्या दगडाला त्या खळगा करताहेत, अंगठा मावेल एवढा. पावसाळ्यापासून घासताहेत. मी विचारलं, "ह्यात लोकांनी बघायचं काय?" तर म्हणाल्या, "अंगठा ठेवून बघ." ठेवला. काही वाटलं नाही. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्यांचा ग्राइंडर थांबून त्यांची जेवणाची सुट्टी झाली, तेव्हा लक्षात आलं की अंगठा अजून तिथेच आहे. तरीपण काही वाटलं नाही.

मला असलं जमायचं नाही. इंजिनियरिंग पाचव्या सेमिस्टरला सोडून आलो ते खळगे घासायला नाही. मला वेल्डिंग येतं, पोलाद वाकवता येतं. मी ज्वाळा करणार. स्टेनलेस स्टीलची, माणसापेक्षा उंच, चारी बाजूंना जिभा सुटलेली. बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत.

बघणाऱ्याचे म्हणजे मुग्धाचे. इथे खोटं कशाला लिहायचं.

मुग्धा नागपूरची. इलेक्ट्रॉनिक सिटीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि दर शनिवारी शेडमध्ये लाकूडकाम शिकायला येते. आज चहा पिताना सहज बोलल्यासारखं म्हणाली की कंपनी तिला पुण्याच्या ऑफिसला पाठवते आहे. घरच्यांनाही पुणंच बरं वाटतं. फेब्रुवारी संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं आहे. "तुला काय वाटतं?" असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, "पुणं चांगलं आहे." मग ती बराच वेळ एकाच फळीला पॉलिश पेपर मारत बसली.

मला काय वाटतं ते मी सांगणार आहे. पण चहा पिताना नाही. सात फुटांत सांगणार आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आईचा तिळगूळ खाल्ला, समोरच्या कानडी घरातून आलेलं एळ्ळु-बेल्ला, म्हणजे त्यांचा सुटा तिळगूळ, तेही खाल्लं, त्यातले खोबऱ्याचे तुकडे वेचून आधी.

अप्पांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, "गोड बोल" म्हणाले आणि स्वतः गप्प झाले. अप्पा सरकारी कारखान्यात इंजिनियर. मी कॉलेज सोडलं तेव्हा ते ओरडले नाहीत, मारलं नाही, काही नाही. तेव्हापासून माझ्याशी फक्त वस्तूंबद्दल बोलतात.

"सध्या काय करतोयस?"

"ज्वाळा. सात फुटी."

"कशावर उभी राहणार?"

मी पायाचं माप सांगितलं.

"कलंडेल. वाढव," म्हणाले आणि पेपर उघडला.

राग आला. जेवलो नाही. म्हणजे पुरणपोळी खाल्ली, भात खाल्ला नाही.

दुपारी शेडवर जाऊन पाया वाढवला.

शनिवार, २५ जानेवारी

ज्वाळेच्या बहुतेक जिभा उभ्या राहिल्या. फॅब्रिकेशनवाले सुट्टीत येऊन बघून जातात. त्यांच्यातला देवाप्पा म्हणाला, "काय रंगा, पेट्रोल पंपाचं काम मिळालं काय?" मी वेल्डिंगचा चष्मा चढवला.

मुग्धा आजही शुभंकरच्या गाडीतून आली. शुभंकर पुण्याचा, कागदाचे दिवे करतो, शर्टाला इस्त्री असते, आवाज कधी चढत नाही. मुलींना असले शांत लोक आवडतात हे मला माहीत आहे. ती त्याच्याच गावाला जाणार. मी त्या तंद्रीत एक जोड चुकीचा लावला, कापला, परत लावला.

दुपारी शुभंकर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "श्रीरंग, ऑनेस्टली सांगतो, गाडीत ती पूर्ण वेळ तुझ्याबद्दलच बोलते. सिल्क बोर्डचा सिग्नल येईपर्यंत मी पार बोअर होतो."

हा टोमणा होता. मी त्याला म्हटलं, चेष्टा करायची असेल तर समोरासमोर कर.

"समोरच तर आहे," म्हणाला.

असल्या माणसाशी काय बोलायचं.

नंतर मुग्धा ज्वाळेभोवती एक फेरी मारून आली.

"काय करून राहिला हे?"

"आग."

"ते दिसून राहिलं. कोणासाठी?"

"लोकांसाठी."

"बरं," म्हणाली. मग माझ्या मनगटावरचा भाजल्याचा डाग बघितला आणि पर्समधून मलम काढून दिलं. पर्समध्ये भाजल्यावरचं मलम कशाला ठेवते कोण जाणे. ती तर लाकूडकाम करते.

शनिवार, १ फेब्रुवारी

राग अजून गेला नाही. लिहितोच.

आज ज्वाळा बसवनगुडीत नेली. जड वस्तू आधी येऊन बसाव्यात असं अक्कांचं म्हणणं. प्रदर्शन नरसिंहण्णांच्या घराच्या खालच्या मजल्यावर आहे. पूर्वी तिथे शिवणाचे वर्ग चालायचे, आता रिकामाच असतो. लाल गुळगुळीत जमीन, उंच छत. नरसिंहण्णा फार भला माणूस. खिळे ठोका म्हणाले, खिडक्या रंगवा म्हणाले, कपाट अडचणीचं होत असेल तर माझ्या बिछान्यापाशी आणून ठेवा म्हणाले.

टेम्पो आला. ज्वाळा उतरवली. देवाप्पा, टेम्पोवाला, मी आणि शुभंकर, चौघांनी उचलून दारापर्यंत नेली आणि ती दारात अडकली.

"दाराची उंची मोजली होतीस ना?" अक्कांनी विचारलं.

मी छताची मोजली होती.

चार बोटं कमी पडली. आडवी करावी तर पाया अडकतो, तिरकी करावी तर जिभा. आणि खाली बघितलं तर उंबरा. बरोबर चार बोटं उंचीचा. तो काढला की ज्वाळा सरळ आत.

मी नरसिंहण्णांना सांगितलं, हे खालचं लाकूड काढतो, प्रदर्शन झालं की परत होतं तसं बसवून देतो.

"होसलु?" म्हणाले. कानडीत उंबऱ्याला होसलु म्हणतात. "होसलु बेडा." म्हणजे उंबऱ्याला हात नको.

"अण्णा, चार बोटं लाकूड आहे ते."

"बेडा, मगा." मगा म्हणजे पोरा. " पाहिजे तर वरची भिंत फोड. मी बांधून घेतो परत."

ते हे शांतपणे म्हणाले म्हणून मला जास्त संताप आला. भिंत फोडलेली चालते आणि एक जुना ओंडका हलवलेला चालत नाही? मी आत गेलो, टेप आणली, बाहेरून मोजलं. परत आत गेलो, आतून मोजलं. बाहेर येऊन टेम्पोवाल्याशी भांडलो, कारण तो परत कधी निघायचं विचारत होता. आत जाऊन अक्कांशी भांडलो. बाहेर येऊन नरसिंहण्णांना म्हटलं की हे लाकूड मी उपटून टाकीन, बघाच. ते "सरी, सरी", बरं बरं, म्हणत माझ्यासाठी पाणी आणायला गेले.

तेव्हा पायरीवर बसलेली मुग्धा हसायला लागली. दिवे लावायला मदत करायला आली होती, दिवे बाजूलाच पडले होते.

"हसायला काय झालं?"

"एक सांगू? केव्हाचा आतबाहेर करून राहिला तू. उपटून टाकीन म्हणतो. पण एकदाही त्याच्यावर पाय नाही दिलास."

"म्हणजे?"

"दर वेळी पाय उचलून ओलांडतो. शिव्या देत देत ओलांडतो."

मी खाली बघितलं. मी तेव्हाही एक पाय आत आणि एक पाय बाहेर असा उभा होतो, मधे उंबरा, त्याला कुठेच न लागता. टेम्पोवाल्याकडे बघितलं, तो पाण्याचा लोटा घ्यायला आत चालला होता. त्यानेही उचलला पाय.

ज्वाळा परत बोम्मसंद्र्याला गेली. मुग्धाने सगळ्यांदेखत माझी शोभा केली. तासभर माझ्या पायांकडे बघत बसली होती, तिला दुसरं काही काम नव्हतं का?

रविवार, २ फेब्रुवारी

दिवसभर पाय बघतोय.

सिलेंडरवाला आला, खांद्यावर सिलेंडर, घामाने डोळे मिटलेले, आमच्या उंबऱ्यापाशी पाय बरोबर उचलला. पार्सलवाला आला, फोन कानाला, त्यानेही. आई दोन्ही हातांत धुणं घेऊन, समोरचं काही दिसत नसताना. कोणी ठरवून करत नाही. कोणाला विचारलं तर म्हणेल, मी काही केलंच नाही.

दुपारी मी मुद्दाम पाय द्यायला गेलो. लाकूडच आहे, बघू काय होतं. पाय वर धरला आणि तसाच राहिला. स्वयंपाकघरातून, माझ्याकडे पाठ असताना आई म्हणाली, "श्रीरंग, काय करतोयस तिथे?"

"काही नाही," म्हटलं.

माझ्या सात फुटांनी देवाप्पाला पेट्रोल पंप आठवला. चार बोटं लाकडाने मला दिवसभर पाय उचलायला लावले आणि मला कळूही दिलं नाही. ह्याचा मला राग यायला पाहिजे. येत नाहीये. विचित्र वाटतंय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

अक्कांना सांगितलं, मला उंबरा करायचाय.

"दार कुठलं?"

"दार नाही. भिंतही नाही. हॉलच्या मधोमध नुसता उंबरा. दोन्ही बाजूंनी हत्ती जाईल एवढी जागा."

अक्कांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मला मागच्या खोलीत नेलं. तिथे भिंतीशी होन्नेचं लाकूड उभं होतं, आपल्याकडे बिबला म्हणतात ते, तांबूस, जड. "हे मी माझ्यासाठी ठेवलं होतं," म्हणाल्या. "घे. पण अवघड काम काढलंस, रंगा."

"अवघड काय? चौकोनी तर आहे."

"तेच."

सोमवार, १० फेब्रुवारी

चौकोनी असणं म्हणजे काय असतं ते कळलं. ज्वाळेत एक जीभ वाकडी झाली तर ती तशीच वाटायची, आगीसारखी. इथे एका टोकाला केसाएवढं कमी झालं की सगळं लाकूड ओरडतं. रंधा मारायचा, काटकोनाचा गुण्या लावायचा, फटीतून उजेड दिसतो का बघायचं, परत मारायचा. दोनदा लाकडाला लाथ मारायला गेलो. दोन्ही वेळा पाय वरच राहिला. उंबरा अजून झालाही नव्हता.

आज एक कल्पना सुचली म्हणून पटाशी घेऊन मधे थोडी झीज कोरायला बसलो. नरसिंहण्णांचा उंबरा मधे खोलगट झालाय, तसं. जुनं वाटेल, लोकांना लगेच कळेल. अक्का चहा घेऊन आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"झीज."

"कोणाची?"

मी म्हटलं, लोकांची. अक्का म्हणाल्या, "ते लोक आले कुठे अजून? त्यांचं त्यांना करू दे की."

चहा ठेवून गेल्या. मी चिडून पटाशी फेकली, मग शोधून आणली, कारण ती अक्कांची होती. कोरलेलं फार खोल गेलं नव्हतं. वरचा सगळा पृष्ठभाग उतरवून परत सपाट करायला संध्याकाळ झाली.

आता त्यात काहीच नाही. नाव नाही, नक्षी नाही, पितळेचं फूल नाही. ह्यातून मुग्धाला काय कळणार? ज्वाळेत निदान काहीतरी होतं. ती बाहेर उभी आहे, तिच्या दोन जिभांवर फॅब्रिकेशनवाल्यांचे ओव्हरऑल वाळत घातलेत.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज मुग्धाला स्पष्ट विचारायचं ठरवून गेलो होतो: पुण्याचं काय ठरवलंस. ती आली. मी विचारलं, "हे टोक धरशील का?"

तिने धरलं. मी रंधा मारत होतो, ती लाकूड हलू देत नव्हती. मग मी धरलं, तिने मारला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, लांबच लांब कागदासारखी ढलपी निघते. दुपारभर हेच. मधे शुभंकरने येऊन सुचवलं की खालून एलईडीची पट्टी लावली तर ड्रामॅटिक दिसेल. मी रंधा उगारला. मुग्धा म्हणाली, "शुभंकर, तू जा बरं दिवे कर आपले." तो हसत गेला.

निघताना ती केसांतला भुसा झटकत म्हणाली, "आजचा दिवस काय मस्त गेला बाप्पा."

काय मस्त गेला? काहीच बोललो नाही आम्ही. मला तर वाटलं तिचं ठरलंय आणि सांगायचं कसं ह्या विचारात ती गप्प आहे. महिना संपत आला. मी मूर्ख आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बसवनगुडीत उंबरा ठेवला. हॉलच्या आडवा, मधोमध, जमिनीवर नुसता. लांब जाऊन बघितला. जवळ येऊन बघितला. एखादा सुतार काम अर्धवट टाकून जेवायला गेलाय असं वाटत होतं.

नरसिंहण्णांनी विचारलं, "तुझं कधी येणार?"

"हेच आहे, अण्णा."

ते दारापाशी जाऊन तिथून बघून आले. मग म्हणाले, "स्वल्प इकडे घे. दारातून आलं की दिसलं पाहिजे." आम्ही दोघांनी उचलून थोडा पुढे घेतला. बस.

चिठ्ठीवर नाव काय लिहू असं अक्कांनी विचारलं. मी म्हटलं, होन्ने लिहा. शब्द सुचले असते तर मुग्धालाच नसते का सांगितले.

शनिवार, २२ फेब्रुवारी

झालं. सगळं लिहितो, मला नंतर खोटं वाटायला नको.

दुपारपर्यंत कोणीच त्याच्याकडे बघितलं नाही. शुभंकरच्या दिव्यांसमोर लोक फोटो काढत होते. अक्कांच्या दगडापाशी एक माणूस खळग्यात अंगठा ठेवून उभा राहिला तो उभाच राहिला, त्याची बायको दोनदा हाक मारून पुढे निघून गेली. माझ्या कामाबद्दल एका मुलीने मलाच विचारलं, "इथे काहीतरी बसायचं राहिलंय का?"

मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. तिथून हॉल सरळ आतपर्यंत दिसतो. आणि तिथून मला दिसायला लागलं.

दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती. वळसा घालायला दोन पावलं जास्त पडली असती, तेवढीच. पण लोक वळसा घालत नव्हते. सरळ येत होते, आणि उंबऱ्यापाशी आले की पाय उचलून ओलांडत होते. फोनवर बोलणारे फोनवर बोलत ओलांडत होते. भांडत आलेलं एक जोडपं भांडता भांडता ओलांडून गेलं, आणि पलीकडे गेल्यावर आवाज जरा खाली आला, किंवा मला तसं वाटलं. महाराष्ट्र मंडळातल्या दोन आज्या आल्या, एकीने वाकून लाकडाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला, मग दुसरीला म्हणाली, "हे इथे मधेच का गं ठेवलंय?" दुसरी म्हणाली, "असेल काहीतरी. ओलांड आता, गुडघा सांभाळ." आणि पलीकडे गेल्यावर त्या दोघी घरी आल्यासारख्या भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसल्या.

सबंध हॉलमध्ये कोणाच्याही लक्षात येत नव्हतं आणि कोणीही चुकत नव्हतं. पायरीवर बसून मला हसू यायला लागलं. नरसिंहण्णांनी विचारलं काय झालं. मी बोट दाखवलं. तेही माझ्याशेजारी बसून बघायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "अय्यो," आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

अप्पा आले. मी बोलावलं नव्हतं, आईने पत्ता दिला असणार. ऑफिसचाच शर्ट. माझ्याकडे न बघता आत गेले. उंबऱ्यापाशी थांबले, चपला काढल्या, उकिडवे बसले, एक डोळा मिटून कडेवरून नजर टाकली. मग तळहात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत नेला, फार हळू. उठले. चपला हातात घेऊन ओलांडलं आणि पलीकडे घातल्या.

जाताना माझ्यापाशी येऊन म्हणाले, "सरळ आहे."

"हो."

"रंधा कोणता?"

मी सांगितला. ते मान हलवत पायरी उतरले. फाटकापाशी जाऊन परत आले आणि म्हणाले, "घरी लवकर ये. आईने वांगीभात केलाय." इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्याशी वस्तू सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलले. वांगीभात ही वस्तू धरत नाही मी.

मुग्धा संध्याकाळी आली. मी तेव्हा नरसिंहण्णांच्या घरून आलेली कॉफी लोकांना देत होतो. ती कधी आत गेली मला कळलंच नाही, बघितलं तर पलीकडे उभी होती, अक्कांच्या दगडापाशी. माझ्याकडे बघून हसली. मी ताटातला एक पेला घेऊन सरळ तिच्या दिशेने गेलो आणि उंबऱ्यापाशी पोचल्यावर हात लांब करून तो तिच्यापुढे धरला.

तिने दोन्ही हात मागे घेतले.

"अशी नाही घेणार."

"कशी?"

"उंबऱ्यावरून देत-घेत नसतात."

"कुठला उंबरा? दार कुठाय? घर कुठाय? मुग्धा, लाकूड आहे हे. मी रंधा मारलाय, तू टोक धरलं होतंस."

"माहीत आहे."

"मग घे ना."

"नाही."

"चार बोटं लाकडासाठी?"

"तू का नाही येत मग इकडे?" ती म्हणाली. "तूही तर तिथेच अडून राहिला."

खरंच अडलो होतो. दिवसभर लोकांचे पाय बघून हसत होतो आणि आता माझेच दोन्ही पाय अलीकडे, हातात गरम पेला, बोटं भाजताहेत. मागे लोक, पुढे ती. ह्याच्यासाठी मी सात फूट पोलाद वाकवलं होतं आणि त्यातून मला जे म्हणायचं होतं ते त्यात कुठेच नव्हतं, कारण ते अगदीच लहान होतं.

"तू इकडे ये," मी म्हटलं. "पुण्याला जाऊ नको. मला तू इथे हवी आहेस."

आवाज किती होता माहीत नाही. माझ्या मानाने फारच हळू असणार, कारण कोणीही वळून बघितलं नाही.

तिने खाली बघितलं. ओढणी सावरली. मग पाय उचलला, उजवा, आणि माझ्या बाजूला टेकवला. मग दुसरा. मग माझ्या हातातून पेला घेतला.

"अगं बाई," मागून अक्कांचा आवाज आला, "उजवा पाय टाकून आली की. रंगा, माप ठेवायचं राहिलं रे."

बाकावरच्या दोन्ही आज्या मनापासून हसल्या. शुभंकर विचारायला लागला, "माप म्हणजे काय?" आणि एक आजी त्याला हातवारे करून सांगायला लागली की तांदूळ भरलेलं माप उंबऱ्यावर ठेवतात, नवी नवरी ते उजव्या पायाने लवंडून आत येते, आणि तुम्हा पुण्याच्या मुलांना एवढंही माहीत नाही का. मुग्धाचे कान लाल झाले. पण ती परत पलीकडे गेली नाही.

"पुण्याला मी नाही म्हणून कळवलं," ती पेल्यात बघत म्हणाली.

"कधी?"

"तू टेम्पोवाल्याशी भांडून राहिला होता ना, त्या दिवशी. घरी जाऊन."

"आणि मला इतके दिवस सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं कुठे?"

ह्यावर मी भडकायला हवं होतं. एवढ्या दिवसांत मी किती वेळा जेवलो नाही, शुभंकरला काय काय बोललो, सगळं फुकट. पण राग येईना. मी तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिलो. तिने अर्धी कॉफी पिऊन पेला माझ्याकडे दिला. हॉल बंद होईपर्यंत आम्ही तिथेच होतो. लोक येत होते, बोलत होते, हसत होते, आणि त्या लाकडापाशी आले की न बघता पाय उचलत होते.